आधी पोचलेलं हसू

स्मागुल आपल्या व्याह्यांना हसला. एवढ्यावर कुणाचं काही बिघडलं नसतं. व्याह्याव्याह्यांत थट्टा चालते आणि ती झाली नाही तरच लोक विचारतात, काही बिनसलंय का. पण तो आधी हसला. व्याह्यांचा गोलरक्षक आपल्या जागेवर उभा होता, चेंडू अजून पायातच होता, काही म्हणजे काही घडलं नव्हतं, आणि स्मागुल खदाखदा हसून म्हणाला, "गेला, व्याहीबुवा, तुमचा माणूस गवत कापायला गेला." चेंडू आत गेला तो त्यानंतर. चार शहरांतल्या एकोणतीस नातेवाइकांनी हे डोळ्यांनी पाहिलं.

सामना टीव्हीवरच्या फुटबॉलचा होता. कारागांदात स्मागुलची बायको कुल्पाश कंट्रोलर हातात घेऊन बसायची आणि किझिलोर्दात व्याही नुरपेइस आपल्या घरी बसायचे. नुरपेइस रेल्वेत चौतीस वर्षं गाड्यांच्या वेळा सांभाळून निवृत्त झालेले. जावयानं, नुरपेइस यांच्या मुलानं, येल्दोसनं, खेळाचा कन्सोल आणला स्वतःसाठी, पण तो महिन्याभरात चहाच्या वेळेपासून ते जेवणापर्यंत नुरपेइस यांच्याच ताब्यात गेला. कुल्पाश दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत काम करायची. तिचे अंगठे तीस वर्षं खिमा भरून वाफवायच्या मांतीच्या कडा मुडपून तयार झालेले होते, त्यामुळे कंट्रोलर हे तिला काही विशेष वाटलं नाही. ती जिंकायची.

स्मागुलचं काम बोलण्याचं. तो शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा, पण गावात त्याची ओळख ती नव्हे. तो असाबा होता. म्हणजे लग्नात माइक धरून पाहुण्यांना हसवणारा, कुणी कधी उठून चार शब्द बोलायचे ते ठरवणारा. सव्वीस वर्षांत त्याचा एक विनोद चुकीच्या ठिकाणी पडला नव्हता, असं तो म्हणायचा. दोन वर्षांपासून बोलावणी कमी झाली होती. आता लोक चमकदार कोट घातलेल्या पोरांना बोलावतात. तेव्हा घरातल्या सामन्याचं समालोचन आपण करायचं, ते कॉम्प्युटरवरून साऱ्या नातेवाइकांना दाखवायचं, ही कल्पना स्मागुलचीच. टीव्हीवरचं चित्र एका छोट्या डबीतून कॉम्प्युटरमध्ये जाई, लग्नाचा जुना माइक थेट कॉम्प्युटरला जोडलेला, आणि तिथून सगळं मिळून दहा सेकंदांनी जिथं तिथं पोचे. दहा सेकंदांचं कुणाला काही नव्हतं. चित्र आणि आवाज एकत्र उशिरा आले तर तो उशीर दिसत नाही.

सोमवारी सकाळी नुरपेइस यांचा निरोप आला. निरोप कसला, अहवालच होता. त्यांनी रविवारचं चित्रण घरच्यांसोबत बसून चार वेळा पाहिलं होतं, हातात रेल्वेचं जुनं स्टॉपवॉच घेऊन.

"हास्य, एकूण: चौदा. घटनेनंतर: तीन. घटनेपूर्वी: अकरा. सर्वांत आगाऊ: पाऊण सेकंद. चौतीस वर्षांच्या नोकरीत एकही गाडी येण्याआधी सुटलेली मी पाहिली नाही. कळावे."

तासाभरात मुलीचा फोन. झानसाया हळू आवाजात बोलत होती, म्हणजे स्वयंपाकघरातून.

"बाबा, काय केलंत तुम्ही?"

"मी काय केलं? चेंडू गेला, हसलो."

"गेला नव्हता. सगळे म्हणतात, तुम्हाला आधीच ठाऊक होतं. सामना तुम्ही आणि आईनं आधी ठरवून ठेवला होता असं म्हणतात."

"अगं, फुटबॉलचा सामना ठरवून कसा ठेवतात? तिकडून तुझे सासरे खेळताहेत ना?"

"तेच तर. ते म्हणतात, माझी फजिती होणार हे माणूस गृहीत धरून बसलाय. बाबा, दोरीचं आता नक्की नाही म्हणाले."

हे ऐकल्यावर स्मागुल खुर्चीत बसला. त्याचा नातू मेइरलान पहिली पावलं टाकू लागला होता. पुढच्या शुक्रवारी त्याच्या पायांना काळ्यापांढऱ्या लोकरीची दोरी बांधून ती कापायची, म्हणजे पोर न अडखळता चालू लागतं. दोरी कापणाऱ्याचे गुण पोरात उतरतात, म्हणून तो माणूस निवडून घेतात. स्मागुलला हा मान जानेवारीतच कबूल झाला होता. त्यानं शाळेत सांगितलं होतं, डॉक्टरला सांगितलं होतं, भाजीवालीलाही सांगितलं होतं.

"मग कोण कापणार?"

"इंजिन शेडचे उपप्रमुख. शाळेत असताना शंभर मीटर पळायचे म्हणे."

शेजारी विक्तर पावलोविच टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाले होते. जगातले सगळे बिघाड तारेतून होतात असं त्यांचं मत होतं आणि ते बदलायला त्यांना कुणी अजून कारण दिलं नव्हतं.

"हवेतून आवाज पाठवतोस आणि वर तक्रार करतोस," ते म्हणाले. "तार घे, स्मागुल. जिन्यातल्या पेटीतून थेट तार."

जिन्यातल्या पेटीची किल्ली इमारतीच्या अध्यक्षा सौले बेकेनोव्ना यांच्याकडे असे. त्यांनी किल्लीकडे पाहिलं, स्मागुलकडे पाहिलं आणि अर्ज मागितला. दोन प्रती, आणि जिन्यातल्या सगळ्या घरांची संमती.

"सौले, मी तुमच्या बहिणीच्या लग्नात माइक धरला होता."

"म्हणून तर दोन प्रतींवर भागवते. बाकीच्यांना तीन लागतात."

सात घरांनी सह्या केल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या कासिमबेकनं दार उघडलं, कागद वाचला, घडी घालून परत दिला.

"दोन हजार नऊ साल," तो म्हणाला.

स्मागुलला कळलं नाही.

"माझ्या भाचीचं लग्न. मी मामा. मामा दुसऱ्यांदा बोलतो. तुम्ही मला चौथा बोलावलात. माझ्याआधी एका दंतवैद्याला उठवलंत."

माणसं अशा गोष्टी विसरतील असं असाबांना वाटतं. माणसं विसरत नाहीत. ती फक्त वरच्या मजल्यावर राहायला जातात.

"कासिमबेक, आता त्याला काय करता येईल?"

"करता येईल की," कासिमबेक म्हणाला. "माझं भाषण तयार होतं. अजून आहे."

आणि मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता, जिन्यातल्या तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या जागेत, स्मागुलनं हातात नसलेला माइक धरला, घसा खाकरला आणि म्हणाला, "आता दुसरा मान वधूच्या मामांचा." विक्तर पावलोविच आणि सौले बेकेनोव्ना पायरीवर बसले. कासिमबेक दुधाच्या चहाचा वाडगा धरून अकरा मिनिटं बोलला. भाचीचा एव्हाना घटस्फोट झाला होता, पण त्यानं एक शब्द बदलला नाही. शेवटी सौले बेकेनोव्नांनी डोळे पुसले. सही मिळाली.

बुधवारी तार आली. भिंतीला छतापाशी भोक पडलं, ते नको तिथं पडलं, त्यातून कासिमबेकच्या न्हाणीघराचा उजेड दिसू लागला आणि त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागला. कुल्पाशनं एक सामना खेळून पाहिला, स्मागुलनं समालोचन केलं, दोघांनी चित्रण लावलं. चित्र काचेसारखं स्वच्छ दिसत होतं. त्यात स्मागुल पूर्वीइतकाच आधी हसत होता. फक्त आता जास्त स्पष्ट ऐकू येत होता.

"तार चांगली आहे," विक्तर पावलोविच म्हणाले. "तुझाच स्वभाव घाईचा असेल."

सौले बेकेनोव्ना आद्रास्पानची जुडी पेटवून घेऊन आल्या. दृष्ट लागली असेल तर ह्या धुरानं उतरते. त्यांनी कॉम्प्युटरभोवती तीन फेरे घातले, डबीभोवती तीन घातले, आणि त्यांनीच मागच्या वर्षी सक्तीनं बसवून घेतलेली आगीची घंटा वाजली. सगळा जिना खाली अंगणात जमला. अध्यक्षांनी सर्वांना सांगितलं की ही पूर्वनियोजित चाचणी होती.

अंगणात थंडीत उभं असताना स्मागुलच्या डोक्यात पहिल्यांदा रसायनशास्त्राचा मास्तर जागा झाला. तो वर गेला आणि पुन्हा चित्रण लावलं. या वेळी त्यानं स्वतःकडे लक्ष दिलं नाही, आणि हे त्याला सोपं नव्हतं. त्यानं खेळातल्या गर्दीचा आवाज ऐकला. गर्दी बरोबर वेळेवर ओरडत होती. चेंडू लाथाडल्याचा आवाज लाथेबरोबर येत होता. पुढे धावत होता तो फक्त स्मागुल.

"कुल्पाश," तो म्हणाला, "चित्र आणि गर्दी डबीतून येतात. डबी त्यांना चघळत बसते. माझा माइक डबीतून जातच नाही. मी सरळ आत उडी मारतो."

"म्हणजे तुम्हाला थांबवायला हवं."

"माझ्या आवाजाला."

"मी तेच म्हणतेय तीस वर्षं."

कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक आवाजासमोर एक रिकामा चौकोन होता. त्यात आकडा लिहायचा. सेकंदाच्या हजाराव्या भागात तेवढा तो आवाज मागं राहतो. किती मागं ठेवायचा? स्मागुलला अहवाल आठवला. सर्वांत आगाऊ: पाऊण सेकंद. व्याह्यांनी रागाच्या भरात का होईना, माप घेऊन ठेवलं होतं. त्यानं आकडा लिहिला, झानसायाला फोन केला आणि म्हणाला, "सासऱ्यांना सांग, उद्या चार वाजता एक मैत्रीचा सामना. मी नुसतं कौतुक करणार आहे."

गुरुवारी खरोखर त्यानं नुसतं कौतुक केलं. विसाव्या मिनिटाला नुरपेइस यांनी गोल केला. स्मागुल टीव्हीसमोर उभा राहिला आणि जिल्हाधिकाऱ्याच्या मुलाच्या लग्नात वापरला होता तो आवाज काढून म्हणाला, "वा, व्याहीबुवा, वा. हे बघायलाच आम्ही जन्माला आलो. पुन्हा एकदा बघावंसं वाटतं."

फोन सहा वाजता आला.

"बाबा," झानसाया म्हणाली, "तुम्ही आकडा किती घातलाय?"

"पाऊण सेकंद. सात, पाच, शून्य." तो कॉम्प्युटरपाशी गेला. चौकोनात सात, पाच, शून्य आणि आणखी एक शून्य होतं.

"सासऱ्यांनी गोल केला तेव्हा तुम्ही गप्प. सगळे वाट बघताहेत, व्याही काय म्हणतो. काही नाही. त्या धडपडीत सासऱ्यांचा दोन नंबरचा खेळाडू पाय मोडून पडला होता. त्याला झोळीत घालून बाहेर नेत होते. तेव्हा तुम्ही म्हणालात, वा, हे बघायलाच आम्ही जन्माला आलो."

स्मागुलनं जास्तीचं शून्य खोडलं.

"पुन्हा एकदा बघावंसं वाटतं म्हणालात, बाबा."

"तो खरा पाय नाही ना मोडला."

"इथली मोठी आत्या रडली. तिला खेळ कळत नाही. उपप्रमुखांना निरोप गेलाय. त्यांनी रविवारी संध्याकाळपर्यंत विचार करून कळवतो म्हटलंय. रविवारी तीनला शेवटचा सामना खेळतो, मग मी कन्सोल झाकून ठेवतो, असं सासरे म्हणाले. आणि बाबा, मला इथं राहायचंय. आत्या माझ्या हातचा चहा घेते पण वाडगा अर्धा ठेवते."

वर्गात वीस पोरांना स्मागुल दर वर्षी सांगायचा की एक शून्य जास्त पडलं तर प्रयोगशाळेचं छप्पर जातं. आपल्या शून्याचं त्यानं कुणालाही सांगितलं नाही.

शनिवारी दुपारी त्यानं टेबलावरून सगळं बाजूला केलं आणि बायकोला बोलावलं. आम्लात अल्क थेंबथेंब सोडत जायचं, रंग पालटला की थांबायचं; आयुष्यभर त्यानं हेच शिकवलं होतं. आता तसंच करायचं. कुल्पाशनं एका हातानं कंट्रोलरवरचं लाथेचं बटण दाबायचं आणि त्याच क्षणी दुसऱ्या हातानं पळीनं कढईचं झाकण वाजवायचं. माइक झाकणाचा आवाज घेईल, डबी लाथेचा आवाज आणेल. दोन आवाज एक झाले की काम झालं.

"मी एकटीनंच दोन्ही का करायचं?"

"दोन माणसं कधी एका क्षणी काही करत नाहीत."

कुल्पाशला हे पटलं. त्यांनी चारशेपासून सुरुवात केली. टण, ढप. पाचशे. टण, ढप. सहाशे, जरा जवळ. वरून कासिमबेकनं भिंतीच्या भोकातून विचारलं, "लग्न आहे का?" सहाशे पन्नास. सातशे. कुल्पाशचा हात दुखू लागला. तिनं पळी बदलली तर स्मागुलनं जुनीच घ्यायला लावली, नाहीतर प्रयोग बाद. आठशेला ढप आधी आणि टण नंतर झालं, म्हणजे पुढे गेलो. परत मागे, दहा-दहानं. चाळीस वेळा झाकण वाजल्यावर एकदाच एक भरीव आवाज आला, ज्यात टण कुठला आणि ढप कुठला हे सांगता येईना.

चौकोनात सातशे पन्नास होतं. रेल्वेच्या स्टॉपवॉचवर शंका घेतल्याबद्दल स्मागुलला थोडी लाज वाटली.

"उद्या तू हरलीस तर," तो बायकोला हळूच म्हणाला.

"मी हरणार नाही."

"एक गोल कमी करायला काय हरकत आहे? झानसायासाठी."

"दुधात पाणी असेल तर पाणी आहे असं मी लिहिते. डेअरीच्या साहेबाच्या भावाचं दूध होतं तेव्हाही लिहिलं. आणि त्या माणसाला कळेल. मग तो खरंच रागावेल, आणि त्याचं बरोबर असेल."



रविवारी पावणेतीनला स्मागुलनं चौकोनातला आकडा पाच वेळा पाहिला. एका कानात त्यानं झानसायाच्या फोनचा आवाज लावला होता. तिचा फोन किझिलोर्दाच्या मोठ्या खोलीत टेबलावर होता, जिथं सगळे नातेवाईक मोठ्या टीव्हीवर स्मागुलचं प्रक्षेपण बघत बसले होते. नुरपेइस नेहमीप्रमाणे आतल्या छोट्या खोलीत आपल्या टीव्हीवर खेळत होते. विक्तर पावलोविच तारेजवळ बसले, तारेवर कुणाचा पाय पडू नये म्हणून.

सामना अवघड झाला. कुल्पाश एक गोल पुढं, मग नुरपेइस बरोबरीत. स्मागुल जपून बोलत होता. तो दोन्ही बाजूंबद्दल सारखंच चांगलं बोलत होता आणि ते त्याला घशात माती अडकल्यासारखं वाटत होतं. कानात मोठी आत्या झमाल म्हणाली, "आज हा बरा बोलतोय." त्यावर दुसरं कुणी म्हणालं, "आजारी असेल." दोन-दोन झाले. शेवटचं मिनिट उरलं. 

आणि मग नुरपेइस यांच्या बचावपटूनं, कुणी मागं लागलेलं नसताना, सगळं मैदान समोर मोकळं असताना, वळून चेंडू आपल्याच गोलकडे ढकलला. गोलरक्षक तिथं नव्हता. तो कशासाठी कोण जाणे, कोपऱ्यात गेला होता. चेंडू मोठ्या निवांतपणे, म्हाताऱ्यानं अंगणात फिरायला निघावं तसा, घरंगळत आत गेला.

स्मागुलच्या पोटातून हसू निघालं. सव्वीस वर्षांत इतकं चांगलं हसू त्याला आलं नव्हतं. त्यानं माइकचं फडकं दातांत धरलं. विक्तर पावलोविच भिंतीकडे तोंड करून बसले, त्यांचे खांदे हलत होते. कुल्पाशनं कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यानं श्वासही रोखला. कॉम्प्युटर चालू होता. हे सगळं दहा सेकंदांनी किझिलोर्दाला पोचणार होतं, आणि त्यात स्मागुलचा आवाज नसणार होता. त्यानं मोजायला सुरुवात केली. एक. दोन.

तेव्हा कानात कुणीतरी हसलं.

लांबून, भिंतीपलीकडून. मोठ्यानं, धापा टाकत, खुर्ची करकरवत. ते हसणं आधी त्याला ओळखू आलं नाही, कारण त्यानं नुरपेइस यांना सहा वर्षांत कधी हसताना ऐकलं नव्हतं.

"काय झालं ह्याला?" मोठ्या खोलीतून झमाल आत्याचा आवाज. "दोन-दोनच तर आहेत. चेंडू मधे आहे."

दार उघडलं. नुरपेइस हसत हसत बाहेर आले असावेत. "बघितलंत का," ते म्हणत होते, "गाढवानं आपल्याच घरात, आपल्याच..."

"काय बघितलं? कुठं?"

हसणं थांबलं. स्मागुलला कळत होतं की आता ते मोठ्या टीव्हीकडे बघताहेत, आणि तिथं त्यांचा बचावपटू अजून भल्या माणसासारखा उभा आहे.  मग मोठ्या खोलीत कुणीतरी "अरे अरे" म्हणालं, आणि चेंडू त्यांच्याकडेही आत गेला.

"तू आधीच कसा हसलास?" झमाल आत्यानं विचारलं. "तुला ठाऊक होतं?"

पावलं टेबलाकडे आली. मग फोन टेबलावरून उचलल्याचा खरखराट झाला.

"व्याही."

"बोला, व्याहीबुवा."

"मी आधी हसलो."

"ऐकलं."

"काही ठरवून नव्हतो हसलो."

"मला माहीत आहे."

"तिकडचं तसंच आहे का? तुमचं हसणं?"

"इकडे पाऊण सेकंद होतं. तुमच्या मापाप्रमाणेच. दुरुस्त केलं," स्मागुल म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. "आज आवाज कसा होता? चित्राबरोबर बसत होता ना?"

"कुठला आवाज?"

"माझा."

"मी कुठं ऐकला? मी आत खेळत होतो." नुरपेइस यांनी बाजूला विचारलं, "ह्यांचा आवाज कसा होता?" कुणीतरी काहीतरी म्हटलं. "लक्षात नाही आलं म्हणतात."

स्मागुलनं भिंतीच्या भोकाकडे, तारेकडे, चेपलेल्या कढईच्या झाकणाकडे पाहिलं आणि मान हलवली. फोनवर ती दिसणार नव्हती, तरी हलवली.

"इंजिन शेडच्या साहेबांना मी कळवतो," नुरपेइस म्हणाले. "त्यांचा गुडघा तसाही धरतो. तुम्ही बुधवारच्या गाडीनं या. दोरी तुम्ही कापायची."

"येतो," स्मागुल म्हणाला. 

"एक आहे. येल्दोस सगळं चित्रित करणार आहे. कापताना तुम्ही बोलू नका."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"व्याहीबुवा, मी असाबा आहे. एक वाक्य."

 मागून झानसाया कुणाला तरी चहा विचारत होती आणि झमाल आत्या म्हणत होती, भर, वाडगा भर.

"एक," नुरपेइस म्हणाले. "पण कापून झाल्यावर."